फुटबॉलचं ग्राउंड आणि भाऊसाहेबांची मान

किस्से काही कोणी गोळा करायला जात नाही. जिनिंगच्या आवारात सरकी साचते तसे ते साचत जातात, आणि एक दिवस बघावं तर बसायला जागा उरलेली नसते. मी अमरावतीच्या कॉलेजात गणित शिकवायचो. प्रिन्सिपॉलसाहेबांनी खेळांचा चार्ज माझ्या गळ्यात घातला आणि माझ्याकडे हा ढीग लागायला सुरुवात झाली.

कारण साधं होतं. गावात मोठ्या सभेला बरी अशी जागा एकच, आमचं फुटबॉलचं ग्राउंड! वऱ्हाड नागपूरपासून वेगळं मागायचं असो, विलायती माल हटवायचा असो की म्युनिसिपालिटीची निवडणूक असो, मंडप तिथेच पडायचा. मंडळं निरनिराळी, अध्यक्ष मात्र सगळीकडे एकच, भाऊसाहेब वकील. माणूस वाईट नव्हता हो. फक्त समोर कोणाच्या हातात हार दिसला की त्यांची मान आपोआप खाली जायची. इतकी वर्षं हार घालून घेतल्यावर त्या मानेचा तरी काय दोष म्हणा!

आणि आमचा कॅप्टन नामदेव. गावाबाहेर त्याच्या वडिलांचा, सखारामबुवांचा मळा होता. वांगी, मेथी, थोडा झेंडू. नामदेवचं ते कॉलेजातलं शेवटचं वर्ष. एकदा मला म्हणाला, "सर, बाबानं माही एकबी मॅच पाह्यली नाई. पाय सुजवून घरी गेलो का इचारते, कालेजात शिकून राह्यला का मार खाऊन राह्यला? एक मॅच दाखवा लागते त्याले."

मी म्हटलं, "दाखवू की!" किती सहज म्हणून गेलो मी!

*

पहिली मॅच नागपूरच्या टीमशी ठरली. तिच्या आदल्याच दिवशी वेगळ्या वऱ्हाडाची सभा. कापूस पिकतो वऱ्हाडात आणि हुकूम सुटतात नागपूरहून, हे भाऊसाहेबांचं म्हणणं मलाही पटायचं. पण कमानीला बांबू कमी पडले म्हणून कार्यकर्त्यांनी सरळ आमचा गोलपोस्ट सजवला. आंब्याची पानं, झेंडूची तोरणं आणि वरच्या दांडीवर खिळे ठोकून मोठी कापडी पट्टी, 'सुस्वागतम्'. भाऊसाहेब गोलमधूनच व्यासपीठाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी मंडप सोडता सोडता दुपार टळली. सखारामबुवा येऊन कडेला बसले होते. झाडांना पाणी द्यायची वेळ झाली तसे ते उठून गेले. मॅच सुरू झाली तेव्हा पट्टी अजून तशीच होती. तिचे खिळे काही निघेनात! नागपूरवाल्यांनी त्या गोलात एकामागून एक गोल घातले. नंतर त्यांचा कॅप्टन माझ्याशी हात मिळवत म्हणाला, "सर, एवढं अगत्य आमचं कुठंच झालं नव्हतं!"

*

मग स्वदेशीवाले आले. पोरांनी खादीच घालायची, आणि रंगही गावातच चढवलेला, असा ठराव झाला. अकोल्याच्या मंडळानेही त्यांच्या कॉलेजच्या पोरांना तेच सांगितलं. आम्ही तांबडे, ते निळे. मॅच अकोल्याला.

खेळ सुरू होतो न होतो तोच अवकाळी सर आली. खादी जड झाली, अंगाला चिकटली आणि रंग सुटायला लागला. हाफ टाइमपर्यंत दोन्हीकडची पोरं सारखीच जांभळी! आमचा हाफ बॅक बिनदिक्कत अकोल्याला पास देत होता. नामदेव ओरडून ओरडून थकला, "अबे, तोंड पाहून पास दे ना!"

शेवटी भाऊसाहेब भाषणाला उभे राहिले. समोरच्या जांभळ्या पोरांकडे पाहून त्यांनी दोन्ही हात पसरले. म्हणाले, "आज खऱ्या अर्थानं वऱ्हाड एक झालं!"

*

निवडणुकीच्या दिवसांत तर विचारू नका. भाऊसाहेबांच्या विरोधात आबासाहेब जिनवाले उभे होते. आमच्या मॅचचं उद्घाटन दोघांच्याही माणसांनी परस्पर आपापल्या साहेबांकडे देऊन टाकलं. पहिली किक कोणी मारायची? प्रिन्सिपॉलसाहेबांनी तोडगा काढला, दोघांपुढे एकेक फुटबॉल ठेवायचा, दोघांनी एकदम मारायचा.

मारले! टाळ्या झाल्या. आता एक फुटबॉल बाहेर काढायचा, तर दोन्ही पार्ट्या अंगावर धावून आल्या. "आमच्या सायबाचा बॉल काहून काढता?" काढू देईनात. थोडा वेळ पोरं दोन फुटबॉल घेऊनच खेळली. मग रेफरीने शिट्टी खिशात घातली आणि तो सायकलीवर बसून घरी गेला.

सखारामबुवा त्या दिवशी भाजी लवकर आटोपून मुद्दाम आले होते. जाताना माझ्याजवळ थांबले. "सायेब, भांडणच पाहाचं होतं तं मले बजारात रोज दिसते."

मला अतिशय वाईट वाटलं. नामदेव मान खाली घालून बुटाचे बंद सोडत बसला होता.

*

निकाल लागला त्याच आठवड्यात मी नामदेवला घेऊन भाऊसाहेबांच्या घरी गेलो. म्हटलं, निवडणूक झाली, तुम्ही जिंकलात, आता एवढं ग्राउंड पोरांना खेळायला राहू द्या. भाऊसाहेब खरोखर हळहळले. तिथल्या तिथे त्यांनी 'मैदान बचाव समिती' काढली. अध्यक्ष कोण, ते सांगायला नको.

समितीची पहिली जाहीर सभा ठरली ती आमच्या ग्राउंडवर, आणि नेमकी आमच्या मॅचच्या दिवशी! मी धावत गेलो. "अहो भाऊसाहेब, त्या दिवशी मॅच आहे!"

"म्हणूनच तर! गर्दी आयतीच मिळेल."

मंडपाच्या खांबांसाठी बरोबर मधोमध खड्डे खणले गेले. या मैदानावर यापुढे सभा होऊ नयेत, असा ठराव टाळ्यांच्या कडकडाटात एकमताने पास झाला. मॅच अर्थातच रद्द. दुसऱ्या दिवशी नामदेव फावडं घेऊन एकटाच खड्डे बुजवत होता. मला त्याच्याकडे बघवेना. "दे इकडे" म्हणून फावडं मागितलं, तर म्हणाला, "राहू द्या सर. मळ्यात हेच करतो ना मी."

*

वर्षातली शेवटची मॅच पुन्हा नागपूरशी होती. या खेपेला मंडप नाही, कमान नाही, भाषण नाही. भाऊसाहेबांनी शब्द पाळला. ते फक्त समितीसह वाचवलेलं मैदान पाहायला आले. त्यांच्यासाठी लाइनला अगदी लागून खुर्च्या मांडल्या, आणि गाव त्यांच्या मागे उभं राहिलं.

गोल कोणाचाच होत नव्हता. उन्हं कलली. मी मागे वळून वळून रस्त्याकडे बघत होतो. एवढ्यात सखारामबुवा आले. धुतलेलं धोतर, डोक्याला पागोटं आणि हातात घरच्या झेंडूचा मनगटाएवढा जाड हार. हार पाहून गर्दीने आपण होऊन वाट करून दिली. बुवा थेट खुर्च्यांच्या मागे येऊन पोचले.

नेमका तेव्हाच बॉल नामदेवला मिळाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, समोर आता फक्त त्यांचा गोलकीपर. सगळं ग्राउंड ओरडायला लागलं.

तो गलका ऐकून भाऊसाहेबांनी मागे वळून पाहिलं. हार दिसला. ते उठून बुवांकडे तोंड करून उभे राहिले, हात जोडले आणि मान खाली केली. समितीने टाळ्या सुरू केल्या.

बुवांनी हार पटकन स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि टाचा उंचावून भाऊसाहेबांच्या या बाजूने, त्या बाजूने पाहायला लागले.

"बसा ना जी सायेब खाली!" बुवा ओरडले. "माहा पोट्टा दिसून नाई राह्यला!"