नवी मशीन आणि दोन मुठींची करवत

लाकूड कापायची मशीन कोणत्या कंपनीची घ्यावी, असं मी मागच्या आठवड्यात इथंच विचारलं होतं. नाव न ऐकलेली कंपनी घेऊ नको, असं तुम्ही बजावलं. मी नेमकी तीच घेतली. रागवा आता!

आज सकाळी गारखेड्याहून मशीन घेऊन गावी, पिशोरला गेले. आईच्या चुलीसाठी वाळलेली बाभूळ शेतात पाडून ठेवली होती. मशीनची परीक्षा घ्यायला शेजारच्या रहीमचाचांना बोलावलं. चाचा आणि माझे बाबा मिळून दोन मुठींची करवत चालवायचे. एक मूठ बाबांची, एक चाचांची. ओंडका हलू नये म्हणून मी त्यावर बसायचे. बाबा आता नाहीत.

मशीन दोरीच्या तिसऱ्या झटक्याला सुरू झाली, पण मी जोरात दाबली आणि ती लाकडात अडकली.

"दाबू नको बेटा!" चाचा ओरडले. "तुझे बाबा काय म्हणायचे? आपण ओढायचं, मंग हात सैल सोडायचा. समोरच्याला बी ओढू द्यायचं."

मी हात सैल केला. मशीन आपल्या वजनानं उतरत गेली. बाबा आणि चाचांना जो ओंडका दुपारपर्यंत पुरला असता, तो चहा उकळायच्या आत कापून झाला.

चाचा समोर बसले होते. त्यांची मूठ आपोआप मिटत होती, सैल होत होती.

"चाचा, कशी आहे मशीन?"

"लई चांगली हाय. पण हिला समोर कुणी लागतच नाय."

तुमच्या घरच्या करवतीची दुसरी मूठ कोण धरायचं?