ज्याचं सामान त्याच्या दारी

केशोरीच्या अलीकडे, धानाच्या बांध्या संपून जंगल लागायच्या आधी, एक गाव आहे. गावाला जुना मोठा तलाव आहे आणि त्या तलावात शामकलाबाई शिंगाडे लावते. ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरची बाई. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं आधी डोंगा चालवायला शिकवला आणि चूल नंतर दाखवली, असं ती हसत सांगते. डोंगा म्हणजे एकाच खोडातून कोरलेली अरुंद होडी. नवशिका त्यात उभा राहिला की पाण्यात पडलाच. शामकलाबाई त्यात बसून पानही लावून खाते.

पावसाळ्याच्या तोंडाशी वेल लावायची, दिवाळीच्या सुमाराला तोडा सुरू करायचा. तोडलेले शिंगाडे उकडून, टोपली डोक्यावर घेऊन ती गावात फिरायची. "शिंगाडे वोऽऽय! गरम शिंगाडे!" हा आवाज गल्लीच्या टोकाला आला, की दुसऱ्या टोकाच्या बाया हातात गंज, म्हणजे पातेलं, घेऊन उंबऱ्यात उभ्या.

तलावाच्या पाळीला एका टोकाशी बेशरमीची दाट झुडपं होती. घरात नको झालेलं सगळं त्या झुडपांमागे जायचं. कबाडीवाला गावात येत नव्हता असं नाही. पण तो लोखंड घेई, तांबं घेई, फुटक्या बादल्या घेई. बंद पडलेला टीव्ही, ट्यूबलाइट, जळालेला मिक्सर, फ्रिजमधला फोम यांना तो हात लावत नसे. मग लोक पिशवी उचलायचे आणि पाळीकडे चालू लागायचे. पाऊस आला की ते सामान घसरत घसरत पाण्यात उतरे. दिसेनासं झालं म्हणजे संपलं, असं गावाला वाटे.

संपत काही नव्हतं. त्या टोकाची वेल पिवळी पडू लागली. कुणीतरी इन्व्हर्टरची फुटकी बॅटरी टाकली, तेव्हा काठची मासोळी उलटी होऊन तरंगली. गुरं तिथं पाण्याला तोंड लावेनात. शामकलाबाईचा नवरा केवळराम म्हणाला, "ऊन लय हाये यंदा." शामकलाबाईनं त्या टोकाला वेल लावणं सोडलं आणि डोंगा दुसरीकडे वळवला.

मग एका वर्षी ऐन तोड्याच्या दिवसांत केवळराम डोंगा ढकलायला पाण्यात उतरला आणि ओरडला. टीव्हीची जाड काच टाचेत शिरली होती. त्यांच्या मुलानं, हेमराजनं, बापाला मोटरसायकलवर बसवून केशोरीच्या दवाखान्यात नेलं. टाके पडले. जखम भरेपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

खाटेवर पडून केवळराम म्हणाला, "आता तोडा कोन करन?"

"मी हावो ना," शामकलाबाई म्हणाली. "पन पयले थो कचरा काढतो."

सुनेला घेऊन ती गेली. सून प्राची गोंदियाची, बोलणं अर्धं हिंदीतलं. दोघींनी लांब बांबूला आकडी बांधली आणि डोंग्यात बसून तळ चाचपू लागल्या. जे अडकलं ते ओढून पाळीवर टाकलं. दुपारपर्यंत पाळीवर ढीग झाला.

"मम्मीजी, ये सब यहीं छोड़ दें?" प्राचीनं विचारलं.

"येथं सोडला तं येत्या पावसात पुन्हा आंदर."

शामकलाबाई ढिगाशी बसली. एका घड्याळावरचा चिखल तिनं पदरानं पुसला. मागच्या बाजूला लाल रंगात लिहिलेलं होतं, ते प्राचीनं वाचून दाखवलं. किराणा दुकानवाल्या भैय्यालालच्या पोराला लग्नात मिळालेलं घड्याळ होतं ते. मग बाई एकेक वस्तू उलटसुलट करून पाहू लागली. तिला त्या ओळखू येत होत्या. लहान गावात कुणाच्या घरचा पंखा कोणत्या रंगाचा, हे सगळ्यांना माहीत असतं. मोठ्या टीव्हीपाशी मात्र ती थांबली.

"हा परसरामजीच्या घरचा. गावातला पयला टीव्ही. पुरा गाव याच्यासमोर बसत होता. मीबी बसली हावो."

दुसऱ्या दिवशी दोघींनी सगळं सामान धुतलं. जमेल तितकं टोपलीत भरलं, उरलेलं हातठेल्यावर चढवलं. शामकलाबाईनं ठेला प्राचीला ढकलायला सांगितला.

"लोग झगड़ा करेंगे, मम्मीजी."

"करू दे. मी कोनाचं घेऊन नाई राहिली. देऊन राहिली."

आणि गल्लीच्या तोंडाशी तिनं नेहमीचाच आवाज दिला, "घ्या वोऽऽय! ज्याचं त्यानं घ्या!"

बाया गंज घेऊनच बाहेर आल्या. भैय्यालालची बायको पुढे होती. तिच्या गंजात शामकलाबाईनं ते घड्याळ अलगद ठेवलं. ती बिचारी घड्याळाकडे पाहतच राहिली. भैय्यालाल दुकानातून उठून आला.

"काय वो शामकला, येडी झाली का? तलाव का तुह्या बापाचा हाये?"

"बापाचा नाई भाऊ. पन पाय माह्या नवऱ्याचा हाये."

कुणीतरी फिसकन हसलं. भैय्यालाल लाल झाला आणि दुकानात जाऊन बसला. फेरी पुढे निघाली. कुणी वस्तू मुकाट्यानं घेतली, कुणी दार लावलं. दोन घरी तर ही आमची नव्हेच म्हणून भांडण झालं. बाईनं वाद घातला नाही, ओट्यावर ठेवून ती पुढे गेली. मागे माणसं जमली होती. काही मजा बघायला आली होती, काही रागावलेली होती. हिला एवढी अक्कल कधीपासून आली, असंही मागून ऐकू आलं.

टोपलीच्या तळाशी प्राचीनं धुऊन ठेवलेला एक निळा मिक्सर होता. तो हातात येताच शामकलाबाई थबकली. प्राचीनं मान खाली घातली.

"मम्मीजी... कबाड़ी ले ही नहीं रहा था."

बाईनं क्षणभर सुनेकडे पाहिलं. मग टोपली उचलली आणि सगळ्या गर्दीसकट आपल्याच दारात येऊन उभी राहिली. आवाज तोच.

"घ्या वोऽऽय! ज्याचं त्यानं घ्या!"

आतून केवळराम ओरडला, "कोन हाये?"

"सामानवाली! तुमचा मिक्सर आनला."

केवळरामला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो खाटेवर इतका हसला, की त्याला ठसका लागला. गल्लीही हसली. प्राचीसुद्धा तोंडावर ओढणी धरून हसली. त्यानंतर मागून कुणी टोमणा मारला नाही. उलट ठेल्याला दोन-चार हात जास्त लागले.

शेवटचं घर परसरामजींचं. कोहळी घराणं, हा तलाव त्यांच्याच पूर्वजांनी बांधलेला. म्हातारे अंगणात बसले होते. ठेल्यावरचा टीव्ही त्यांनी बराच वेळ पाहिला.

"हा माह्याच घरचा," ते म्हणाले.

त्यांचा मुलगा घाईनं म्हणाला, "बाबा, थो तं गड्यानं नेऊन टाकला..."

"घरातून गेला म्हनजे मीच टाकला." म्हातारे उठून ठेल्याजवळ आले. "आमच्या बुढ्यांनी टोपल्यानं माती वाहून पाळ बांधली. आन आपून त्याच्यात डब्बा फेकला. केवळरामचा पाय कसा हाये वो?"

"भरून राहिला," शामकलाबाई म्हणाली. परसरामजींच्या अंगणात तिला पहिल्यांदाच कुणी खुर्ची दिली. ती बसली, चहा प्याली आणि रिकामी टोपली घेऊन घरी आली.

पुढच्या ग्रामसभेत परसरामजींनीच विषय काढला. गावचा कोंडवाडा रिकामा पडला होता, मोकाट गुरं आता कुणी कोंडत नव्हतं. तो झाडून घेतला. घरातलं टाकाऊ सामान तिथं द्यायचं, पाळीवर न्यायचं नाही, असं ठरलं. किल्ली प्राचीकडे आली. तिनं माहेरी फोन करकरून गोंदियाचा एक व्यापारी शोधला. गाडीभर माल जमला, तर तो टीव्ही आणि बॅटऱ्याही न्यायला तयार झाला. ट्यूबलाइट न फोडता झाकणाच्या ड्रममध्ये उभ्या ठेवल्या जातात. थर्माकोल मात्र अजून कुणी घेत नाही. तो कोपऱ्यात साचत चालला आहे आणि प्राची त्याच्यासाठी रोज कुणाला ना कुणाला फोन लावते.

भैय्यालाल कितीतरी महिने या घराशी बोलला नाही. मग एका सकाळी घड्याळांच्या, रिमोटच्या जुन्या सेलांची पिशवी घेऊन कोंडवाड्यात आला. "कोठं ठेवू?" एवढंच म्हणाला. प्राचीनं डबा दाखवला.

बेशरमीच्या टोकाला पहिल्या वर्षी वेल धरलीच नाही. यंदा धरली आहे. पानं बाकीच्या वेलीपेक्षा अजून लहान आहेत, पण हिरवी आहेत. हेमराजनं बापाला पाण्यात घालायला रबरी बूट आणून दिले. केवळराम ते घालून उतरतो, बुटांत पाणी भरतं, एक पाऊल उचलेनासं होतं, मग तो शिव्या देत बूट काढून पाळीवर फेकतो.

"बूट घाला म्हनतो ना!" शामकलाबाई डोंग्यातून ओरडते.

"कायले? काच कोठं हाये आता?"

ती वरवर रागावते, वेल उलटी करून शिंगाडे तोडत राहते. तो अनवाणी पायानं तळ चाचपत, सावकाश, तिच्या डोंग्याच्या बाजूनं चालत राहतो.