रोबोटची पट्टी सुटली तर

घाईची कामं इतक्या निवांतपणे करणारा माणूस माझ्या मावसभावाशिवाय बडोद्यात दुसरा झाला नसेल. स्कूटर चालवताना काही सुचलं, की भर रावपुऱ्यात ती जागीच थांबवून तो आभाळाकडे बघत बसायचा. मागच्या रिक्षा हॉर्न वाजवून थकायच्या. हा हात वर करून "शांतीथी, भाई" म्हणायचा. मावशी त्याला जेवायला हाक मारायची ती कणीक मळतानाच; तेव्हा कुठे तो गरम पोळीला पोचायचा.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही दोघांनी रोबोटच्या स्पर्धेत नाव दिलं. जमिनीवरच्या पांढऱ्या पट्टीवरून जाऊन रोबोटने चेंडू टोपलीत टाकायचा होता. मी सरळ एकापुढे एक सूचना लिहून प्रोग्रॅम तयार केला. मावशीच्या फरशीवर तो झकास चालला. याने शांतपणे विचारलं, "पट्टी सुटली तर?"

"कशाला सुटेल?"

"सुटली, तर त्याला कळेल का?"

कळणार नव्हतं. पट्टी नसली तरी तो चेंडू टाकायला निघाला असता. मग याने सगळी मांडणीच बदलायची ठरवली. चालणं, शोधणं, टाकणं अशा वेगळ्या अवस्था करायच्या, आणि आपण आत्ता कुठल्या अवस्थेत आहोत हे रोबोटने सारखं स्वतःला विचारायचं. स्पर्धा तोंडावर आलेली, आणि हा प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्ससमोर पांढऱ्या फक्कीच्या रेघेवरून, डोळे अर्धे मिटून, स्वतःच रोबोट होऊन चालत होता. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय हरवलं रे?"

"सध्या मीच हरवतोय, काकू. मग सापडायला शिकेन."

काकूंनी मावशीला त्याचं लग्न उरकून टाकायला सांगितलं.

मी माझा प्रोग्रॅम मोडला आणि त्याच्या मांडणीने नवा लिहिला. स्पर्धेत दुसऱ्या संघाचा रोबोट आमच्यावर आदळला. आमचा पट्टीवरून फेकला गेला आणि थांबला. लोक हसले. मग तो जरा डावीकडे वळला, जरा उजवीकडे, अनोळखी स्टेशनवर पहाटे उतरलेल्या माणसासारखा. पट्टी सापडली, तो निघाला, आणि टोपली हातभर राहिली असताना वेळ संपल्याची शिट्टी वाजली.

आम्ही पहिल्याच फेरीत बाद झालो. हा म्हणाला, "थांबला, पाहिलंस? आपण वाट चुकलोय, हे त्याला कळलं."

आता तो बडोद्याजवळच्या सावली गावाकडे एका कारखान्यात असतो, मी इकडे दूरच्या शहरात, भेटी दिवाळीपुरत्या. पण मला तो आठवतो तो परतीच्या रिक्षात. उन्हं उतरली होती, रोबोट त्याच्या मांडीवर होता, आणि याने मला बॅटरी काढू दिली नव्हती. खाली जमीनच नव्हती, तरी ती चाकं हळूहळू वळत होती, जरा डावीकडे, जरा उजवीकडे.