मिळतीजुळती अक्षरं

दुसऱ्यांच्या पाट्या वाचणं हा मामांचा आजारच होता. रस्त्याने चालताना कुठे वेलांटी दांडीपासून सुटलेली दिसली, की ते जागच्या जागी थबकायचे आणि मामी चार पावलं पुढे जाऊन कपाळाला हात लावून उभ्या राहायच्या. "अहो, डॉक्टर निघून जातील," असं त्या म्हणाल्या तरी "थांब गं, हा उकार बघ कसा लंगडतोय," हे उत्तर ठरलेलं. गुडघा मामींचा दुखायचा आणि हे उकाराच्या पायाची चौकशी करत उभे.

जिन्याखालच्या खोलीत मामांचं रबरी शिक्क्यांचं आणि दारावरच्या पाट्यांचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, रबर कोरणारं एक मशीन, जळक्या रबराचा वास आणि भिंतभर नमुन्याच्या पाट्या. सगळ्या पाट्या एकाच वळणाच्या, आणि ते वळण मामांचं. तरुणपणी फॉन्ट बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला असताना त्यांनी ते बसवलं होतं. पाकळीसारखा ल, गाठ मारलेला श, एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं. शिवाय 'दऱ्या'मधला तो कोयत्यासारखा वाकडा र, जो 'दर्या'तल्या रफारापेक्षा वेगळा काढावा लागतो, नाहीतर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. नातेवाइकांत त्याला 'मामांचं अक्षर' म्हणत. भाच्यांच्या वह्यांवरची नावं त्याच अक्षरात, मामींच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्याही त्यातच. कुणी कौतुक केलं की मामा "हॅ, त्यात काय एवढं," असं म्हणत आणि मग तासभर त्यात काय काय आहे ते ऐकवत.

त्याच अक्षरांचा भाचीने खेळ केला. मोबाइलवर खेळायचा. अर्धी अक्षरं वरून सरकत येतात, ती योग्य अक्षराला नेऊन चिकटवायची, नीट बसली की जोडाक्षर तयार होतं आणि शब्द पुरा होतो. सुरुवात करताना तिने विचारलं होतं, "मामा, तुझी अक्षरं घेऊ?" मामांनी फॉन्टची फाइल पेनड्राइव्हवर घालून दिली होती आणि म्हणाले होते, "विचारतेस काय? घरचंच आहे." त्या एका वाक्यावर पोरीने नोकरी सोडली आणि दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून खेळ रचला. आता एक प्रकाशक तो घ्यायला तयार झाला होता. फक्त खेळातल्या एकेका गोष्टीचा मालक कोण, हे त्याला लेखी हवं होतं. चित्रं भाचीची, आवाज भाचीचे. राहिली अक्षरं.

"दोन ओळी लिहून दे ना मामा," ती दुकानात येऊन म्हणाली. "की अक्षरं तुझी आहेत, आणि मला खेळात वापरायला तुझी परवानगी आहे. या आठवड्यात दिलं नाही तर ते दुसरा खेळ घेणार आहेत."

"भाचीला मामाचा कागद लागतो होय आता?"

"मला नाही रे, त्यांना लागतो."

"अगं, मी रोज ढिगाने शिक्के करतो. मला नाही कुणी विचारलं ते!"

"शिक्क्यात गिऱ्हाइकाला अक्षराचा ठसा मिळतो. खेळात फॉन्टची अख्खी फाइल आत बसवलेली असते. खेळ ज्याच्या ज्याच्या फोनवर गेला, त्याच्या घरी ती फाइल गेली. पाहुण्याला चहा पाजणं वेगळं आणि त्याच्या हातात घराची किल्ली देणं वेगळं, मामा. किल्ली द्यायची तर घरमालकानेच द्यायला हवी."

घरमालक म्हटल्यावर मामा हातातला शिक्का उगाच पुसायला लागले. "उद्या देतो," ते कसेबसे म्हणाले. भाची खुशीत निघून गेली.

गोष्ट अशी होती, की घर विकलेलं होतं. नोकरी सोडताना कंपनीने एक कागद पुढे केला आणि मामांनी त्यावर सही केली. 'कंपनीने माझं अक्षर घेतलं,' असं त्यांनी घरी सांगितलं, आणि पोराला मोठ्या शाळेत घेतल्यासारखा सगळ्यांना आनंद झाला. मामांनाही तसंच वाटलं. कागद बारीक टाइपात होता. तो टाइप कोणता हे मामांनी डोळे बारीक करून निरखलं, मजकूर मात्र पाहिला नाही. सही अशी झोकात केली, की साहेबांनी ती शेजारच्या टेबलावर नेऊन दाखवली. आपण विकला तो फॉन्ट, अक्षर कसं विकलं जाईल, अक्षर तर हातात असतं, अशी त्यांची सरळ समजूत. ती उराशी धरून त्यांनी इतकी वर्षं शिक्के केले, आणि कधी शंका आलीच तर पटकन दुसऱ्याच्या पाटीतली चूक काढायला घेतली.

आता ते पुरते कात्रीत सापडले. सही करावी तर धडधडीत खोटं, आणि उद्या ते उघडं पडलं की मान भाचीची अडकणार. सही न करावी तर तिची दोन वर्षं मातीत. खरं सांगावं तर ज्या एका गोष्टीमुळे सासुरवाडीपासून बहिणीच्या सासरपर्यंत त्यांना मान होता, ती आपली नाहीच हे स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. त्यांना भीती वाटत होती आणि लाजही वाटत होती, आणि दोन्हीपैकी जास्त काय, ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं.

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडून एका मुलीचा गोड आवाज आला. मामांनी फॉन्टचं नाव सांगितलं आणि खेळात वापरायला काय करावं लागेल ते विचारलं.

"तो फक्त छपाईसाठी देतो आम्ही, काका. अ‍ॅपसाठी आणि खेळासाठी देत नाही."

"आणि समजा, ज्याने बनवलाय त्यालाच वापरायचा असला तर?"

"बनवलाय आमच्या कंपनीनेच."

"हो, पण कुणी हाताने काढला असेल ना?"

"तशी नोंद नसते, काका."

"बरं, त्या माणसाने नवीन अक्षरं काढली तर? अगदी नवीन?"

मुलीने जरा वेळ कागद चाळले. "नोकरी सोडणाऱ्याच्या छापील करारात लिहिलंय की ही अक्षरं किंवा त्यांच्याशी मिळतीजुळती अक्षरं त्याला दुसऱ्या कुणाला देता येणार नाहीत. मिळतीजुळती नसतील तर काही हरकत नाही." मग तिने आणखी काही मदत हवी का विचारलं. मामा नको म्हणाले.

मिळतीजुळती नसतील तर! मामांना तेवढा आधार पुरला. ते टुणकन उठले, कागदाचा गठ्ठा काढला आणि भाचीला निरोप पाठवला, की जुनी अक्षरं कशाला, तुझ्या खेळासाठी खास नवीन काढून देतो. थाप नव्हती, पण खरंही नव्हतं. निरोप गेल्यावर त्यांना हलकं वाटलं. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि ल काढला.

पाकळीसारखा आला. त्यांनी तो खोडला आणि मुद्दाम चौकोनी काढायला घेतला. वरून चौकोनी उतरलेली रेघ खाली येता येता आपोआप वळली आणि पाकळी होऊन बसली. श काढला, गाठ पडली. गाठ टाळली तर तो श राहीना, ग आणि र हातात हात घालून फिरायला निघालेले दिसायला लागले. जाड बोरू घेतला, बारीक पेन घेतलं. डोळे मिटून काढून पाहिलं. दोन दिवस दुकानात गिऱ्हाईक आलं की मामा "नंतर या" म्हणत आणि पुन्हा वाकत. हात त्यांचाच, पण जिकडे न्यावा तिकडे जाईना. बैलाला दुसऱ्या वाटेने हाकलावं आणि त्याने गोठ्यापुढेच येऊन उभं राहावं, तसं चाललं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मामांना आपल्याच अक्षराचा राग आला, आणि तो राग आला याचं वाईटही वाटलं.

मामी जेवायला बोलवायला आल्या तेव्हा मामा डाव्या हाताने क काढत होते.

"हे काय नवीन?"

"वेगळं यायला हवंय."

"अहो, तुम्ही भिंतीवर चुन्याचे फराटे मारलेत तरी लोक ओळखतील. उगाच का स्वतःला छळताय? काय झालंय ते सांगा बघू."

मामा कागद गोळा करून जेवायला उठले. मामींनी पुन्हा विचारलं नाही, पण संध्याकाळी भाची आली तेव्हा त्याही खाली येऊन स्टुलावर बसल्या.

भाचीने कागद एकेक करून पाहिले. मग हसली. "मामा, हे तुझंच आहे. थोडं पडलंय, थोडं रुसलंय, पण तुझंच. आणि मला जुनीच हवीत रे. सगळा खेळ त्या जोडाक्षरांवर बेतलाय. तू नुसत्या दोन ओळी दे, झालं."

"नाही देता येत."

"का?"

"माझी नाहीत ती," मामा म्हणाले. एवढं बोलायला त्यांना फार जोर लागला. पुढचं मात्र भडाभडा आलं, कागद, सही, फोन, मिळतीजुळतीसकट सगळं. "तुला म्हटलं घरचं आहे. घरचं नव्हतं गं. मी तुला तोंडघशी पाडलं."

भाचीचा चेहरा पडला आणि मामांना तो बघवेना. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"अक्षरांची नुसती चित्रं करून घातली तर?" मामींनी विचारलं.

"शब्द खेळता खेळता बनतात, मामी. चित्रं किती करणार? आणि तीही विचारल्याशिवाय नाही करता येणार." मग तिची नजर भिंतीवरच्या पाट्यांवर गेली. "मामा, दुकानातला फॉन्ट तरी तू विकत घेतलायस ना?"

स्वतःचं अक्षर विकत घ्यायचं असतं, हे मामांच्या डोक्यातही आलं नव्हतं. नोकरीतून येताना फाइल बरोबर आणली होती, तीच चालू होती. म्हणजे एवढे शिक्के, गल्लीतल्या दारादारांवरच्या पाट्या, समोरच्या दवाखान्याची पाटी, सगळंच. दुकानाला एकच दार होतं आणि त्यात भाची बसली होती, नाहीतर ते उठून पळालेच असते.

शेवटी भाचीनेच लॅपटॉप उघडला. कुणीही घ्यावेत, खेळातही बसवावेत, फक्त सुटे विकू नयेत आणि सोबत परवान्याचा कागद ठेवावा, असे मोकळे फॉन्ट असतात, ते तिने पडद्यावर मांडले. "मला नव्हते घ्यायचे," ती म्हणाली. "पण आता तूच निवड."

मामांनी चष्मा पुसला. पहिल्या फॉन्टचा ल त्यांना परका वाटला, दुसऱ्यात दऱ्यांचा समुद्र झाला होता. तिसरा आला तेव्हा ते पुढे झुकले. नेहमीसारखी खोट शोधायला लागले, आणि खोट सापडेना. ल पाकळीचा होता. तो वाकडा र असा अलगद बसवला होता, की मामांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. "हा घे," ते म्हणाले. "कुणी केलाय माहीत नाही, पण हात चांगला आहे."

भाचीने जुनी फाइल काढली, नवी घातली, थोडी ओढाताण केली आणि खेळ सुरू केला. अर्धा द खाली आला, ध ला चिकटला, शब्द पुरा झाला. सगळं ठीक चाललं होतं. आपण नसलो तर खेळ निदान अडखळेल, एखादं अक्षर तरी लटकेल, असं मामांना आतून वाटत होतं. तसं काही झालं नाही. भाचीने त्यांचा हात धरला आणि ते म्हणाले, "छान दिसतंय," आणि ते खरंच छान दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मामांनी कंपनीला पुन्हा फोन केला. तोच गोड आवाज. शिक्क्यांच्या दुकानासाठी फॉन्टची एक प्रत हवी आहे, असं त्यांनी सांगितलं. मुलीने दुकानाचं नाव विचारलं, पत्ता विचारला. फॉन्ट एकाच कॉम्प्युटरवर ठेवायचा, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, अक्षरांच्या वळणात काही बदल करायचा नाही, हे वाचून दाखवलं. मामा प्रत्येक वाक्याला "बरं" म्हणाले.

"एक शेवटचं, काका. आमच्याकडे लिहावं लागतं. हा फॉन्ट तुम्हाला कसा माहीत झाला? जाहिरातीतून, कुठे छापलेला बघून, की ओळखीतून?"

मामांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"ओळखीतून," ते म्हणाले, आणि तिने तसं लिहून घेतलं.