अक्कांचं फुटबॉलचं गाव

अक्का पहिल्यांदा आमच्या दारात आल्या त्या पदर डोळ्यांना लावूनच. "कोण गेलं गं?" त्यांनी विचारलं. रविवारची दुपार होती, घरात सगळे ठणठणीत होते आणि टीव्हीवर फुटबॉल चालू होता. सोलापुरात आमच्या शेजारी राहायला येऊन त्यांना चार दिवस झाले असतील. त्या मूळच्या दुधनीच्या, घरात कन्नड बोलणाऱ्या. कन्नडमध्ये गोळु म्हणजे रडारड, आकांत. टीव्हीवरचा माणूस ऊर फुटेस्तोवर "गोऽऽल" ओरडत होता आणि भिंतीपलीकडे या बाईच्या काळजाचं पाणी झालं होतं. खरा प्रकार कळल्यावर त्या इतक्या हसल्या, की त्यांना धरून खाली बसवावं लागलं.

तेव्हापासून दर रविवारी शेंगाचटणीची वाटी घेऊन त्या हजर. टीव्हीवर फुटबॉलवेड्या शहरांची मालिका लागायची, दर आठवड्याला नवं शहर. कुठे भिंती संघाच्या रंगात रंगवलेल्या, कुठे सामन्याच्या दिवशी अख्खा बाजार बंद. अक्का चेंडूकडे ढुंकूनही बघत नसत. "चेंडू काय, दिसला की एकदा. माणसं बघ, तंगी!" तंगी म्हणजे धाकटी बहीण, मला त्या तेच म्हणत. प्रेक्षकांत एखादी म्हातारी दिसली, की त्या हरखून जात. "बघ, सुनेवर सैपाक टाकून आलीया!"

एकदा त्यांनी विचारलं, "सोलापूर कवा दाखवणार?"

"अक्का, आपल्याकडे कुठे एवढा फुटबॉल? कोल्हापूर दाखवतील एखादे वेळेस."

"न्हाय कसं? आमची इद्या खेळती की!"

इद्या म्हणजे विद्या, त्यांची नववीतली नात. पोरगी वाऱ्यासारखी पळायची. तिची पुण्याच्या शिबिरासाठी निवड झाली आणि घरात ठिणगी पडली. तिचे वडील, अक्कांचे चिरंजीव मल्लिनाथ, हे चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर. माणूस सरळ, पण आमच्याकडच्या कडक भाकरीसारखा. "पोरीनं मैदानात पळून काय होणार हाय? न्हाय म्हंजे न्हाय," त्यांनी सांगून टाकलं. लेकीचा एकही सामना त्यांनी पाहिलेला नव्हता. विद्याने जेवण सोडलं. अक्का मात्र निवांत शेंगा कुटत होत्या. मला म्हणाल्या, "मल्लूला सांगून कळत न्हाय. लहानपणापासनं असाच. दाखवावं लागतंय."

शिबिराच्या आधीच्या रविवारी विद्याचा शाळेचा सामना होता. अक्कांनी मुलाला सांगितलं, सिद्धेश्वराच्या दर्शनाला सोड. मला सांगितलं, "तू फुडं जा, जागा धर." जशी काही सिनेमाची तिकिटं काढायची होती! मैदानाजवळ येताच त्यांनी स्कूटर थांबवायला लावली.

"अव्वा, देऊळ तिकडं हाय," मल्लिनाथ म्हणाले.

"देव कुटं जातुय? थोडं बसू की हितं."

मल्लिनाथ हाताची घडी घालून, तोंड फिरवून बसले. एवढ्यात एका दांडग्या मुलीने विद्याला आडवं पाडलं. ती उठली, गुडघा झाडला आणि पुन्हा चेंडूमागे धावली. पंचांची शिट्टी काही वाजली नाही. पण आमच्या शेजारची जागा रिकामी झाली होती. मल्लिनाथ रेषेवर उभे राहून पंचांवर तोंडसुख घेत होते, "ओ साहेब, डोळं झाकून उभं हाय का? फाऊल दिसंना व्हय?" त्यानंतर ते शेवटपर्यंत ओरडतच राहिले. मला हसू आवरेना. अक्का मात्र आळीपाळीने लेकाकडे आणि, आयुष्यात प्रथमच, चेंडूकडे बघत होत्या.

विद्याची शाळा हरली. सामना संपल्यावर वडील समोर आले आणि पोरीचं अवसानच गेलं. ती खाली मान घालून उभी राहिली. मल्लिनाथांनी रुमाल काढून तिच्या गुडघ्यावरची माती पुसली. घसा साफ बसला होता.

"शिबिराला कवा निघायचं हाय?"

विद्याने आजीकडे बघितलं.

"उद्या सकाळच्या गाडीनं," अक्का म्हणाल्या. "तिची बॅग माझ्या पलंगाखाली हाय. मी कवाच भरून ठिवलीया."