चिडक्या डॉक्टरला पडलेलं एक बूच

माझ्या दवाखान्यात टीव्ही मी आणला नाही, हे आधीच सांगते. तो नवऱ्याने आणला. नवी मुंबईत, ऐरोलीतल्या एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर, किराणा दुकान आणि कायम बंद असलेला गाळा यांच्या मधोमध मी दवाखाना थाटला, त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. नव्वदीच्या दशकाचा उत्तरार्ध. सेक्टरमधल्या निम्म्या इमारतींना रंग देऊन झाला होता, पण माणसं यायची बाकी होती. संध्याकाळी बाकावर चार पेशंट बसले तर मला गर्दी झाल्यासारखं वाटायचं. नवऱ्याचं म्हणणं, लोक रिकाम्या हॉटेलात शिरत नाहीत, तसे रिकाम्या दवाखान्यातही शिरत नाहीत. बाकावर माणसं दिसली पाहिजेत, आजारी असोत नाहीतर नसोत. त्याने आमचा जुना पोर्टेबल टीव्ही फळीवर ठेवला, केबलवाल्याला वायर ओढायला लावली आणि तो कामावर निघून गेला.

माणसं बसायला लागली. आजारी नसलेलीच जास्त.

त्यांचे पुढारी म्हणजे समोरच्या बिल्डिंगमधले काका. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. रोज संध्याकाळी प्रेशर तपासायला यायचे आणि रोज ते एकशेतीस-ऐंशीच निघायचं. रिमोट त्यांच्या ताब्यात. सात वाजता एका इंग्रजी चॅनेलवर अंतराळयानाची मालिका लागायची. खरं म्हणजे एक नव्हे, एकाच घराण्यातल्या तीन मालिका. आज हे यान, उद्या ते. दर यानाचा कॅप्टन वेगळा आणि डॉक्टरही वेगळा. बाकावरच्या बहुतेकांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून काका भाषांतर करायचे. त्यांचं इंग्रजी पत्रव्यवहाराचं. त्यामुळे समोर राक्षस उभा असला तरी त्यांचा कॅप्टन म्हणायचा, "सदर ग्रहावर उतरण्यास या कार्यालयाची हरकत नसावी."

डॉक्टरच्या प्रसंगांना मात्र भाषांतर लागायचं नाही. माणूस आडवा पडलेला. डॉक्टर त्याच्या अंगावरून एक डबी फिरवणार, मानेला एक नळी टेकवणार, फुस्स करून आवाज येणार आणि माणूस उठून कामाला लागणार. एक्स-रे नाही, उपाशीपोटी रक्त नाही, पथ्य नाही. कमरेत सुई टोचल्याशिवाय ज्यांना औषध घेतल्यासारखं वाटत नसे, ते माझे पेशंट त्या नळीकडे डोळे लावून बसायचे.

"याला म्हणतात डॉक्टर," कुणीतरी म्हणायचं.

मी चार हातांवर पडद्याआड बसलेली असायचे. डोक्यावर माझी डिग्री फ्रेम करून लावलेली. सगळं ऐकू यायचं.

हळूहळू त्या डॉक्टरांची नावंही ठेवली गेली. पहिल्या यानावरचा तो 'म्हातारा'. सदा कावलेला, कॅप्टनवरसुद्धा डाफरणारा. दुसऱ्या यानावरची 'लाल केसांची'. मऊ आवाजाची, पेशंटचा हात हातात घेऊन बोलणारी. तिसऱ्या यानावर तर माणूसच नव्हता. यंत्राने उजेडातून उभा केलेला डॉक्टर होता तो. हाक मारली की हजर, काम झालं की बंद. त्याचं नाव 'दिव्याचा'.

या मंडळींत एक आजी होत्या, गावठाणातल्या. सकाळी खाडीत उतरून कालवं काढायच्या, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे धरायच्या, टोपली घेऊन सेक्टरमध्ये विकायच्या आणि संध्याकाळी बाकाच्या कोपऱ्यात पाय वर घेऊन टीव्ही बघायच्या. त्या माझ्या खऱ्याखुऱ्या पेशंट होत्या. साखर तीनशेच्या वर, आणि जिलबी म्हणजे जीव की प्राण. मी सांगलीकडची. आमच्याकडे प्रेमाने बोललं तरी शेजारी दार उघडून बघतात काय झालं ते. आजींना मी ज्या पट्टीत झापायचे, ती पडद्यातून आरपार बाकावर पोचायची. "आजी, गोळ्या तुमच्यासाठी दिल्यात की देव्हाऱ्यात ठेवायला? अनवाणी खाडीत उतरू नका म्हणून किती वेळा सांगायचं?"

"बरा बाय, वरडू नको. नाय उतरत," असं म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीत.

एके दिवशी काकांनी निवडणूक जाहीर केली. विषय: आपला आवडता डॉक्टर कोण. गोळ्यांचे तीन रिकामे खोके त्यांनी बाकाखाली मांडले. एकावर चष्मा काढला, म्हणजे म्हातारा. एकावर लाल स्केचपेनने रेघोट्या, एकावर दिवा. मतपत्रिका म्हणून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांची रबरी बुचं. प्रत्येकाने इतरांकडे पाठ फिरवून, कुणाला न दाखवता, एक बूच टाकायचं. मलाही एक मिळालं. मी ते गुपचूप लाल केसांच्या खोक्यात टाकलं, कारण मनातून मला तिच्यासारखं व्हायचं होतं. चौथा खोका ठेवायचं कुणालाही सुचलं नाही, याचा मला जो राग आला तो मी कुणाला दाखवला नाही. इतके महिने मी यांचे खोकले आणि जुलाब निस्तरत होते, आणि यांची मतं उजेडाच्या बाहुल्याला!

निकाल लागला. दिव्याचा प्रचंड बहुमताने विजयी. लाल केसांची दुसरी. म्हाताऱ्याच्या खोक्यात एकच बूच.

"हे चुकून पडलं असावं," काकांनी शेरा मारला.

रात्री जेवताना मी हे नवऱ्याला सांगितलं. तो भाताचा घास हातात धरून हसत सुटला. "त्या म्हाताऱ्याला एकच मत? मग तुझं काय होणार? तू त्याचीच धाकटी बहीण शोभतेस." मग जरा सावरून म्हणाला, "खरंच सांगतो, जरा गोड बोलत जा. नाहीतर टीव्ही बघायला येतील आणि ताप आला की दुसऱ्या डॉक्टरकडे जातील."

ते मला लागलं. कारण तसं खरंच होत होतं. बाकावर बसणाऱ्या एका बाईंनी मुलीला गोवर आला तेव्हा तिला घणसोलीच्या डॉक्टरकडे नेलं होतं. दवाखाना चालेल की नाही ही धास्ती होतीच, पण त्याहून मोठं म्हणजे, 'ही माझी डॉक्टर' असं म्हणणारं एक माणूस मला हवं होतं. एकसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी लाल केसांची झाले. आवाज खाली आणला. मान किंचित तिरकी. मनगटावर हात ठेवून, "काळजी करू नका हं, सगळं छान होईल." आरशात बघून सराव केला होता, खोटं कशाला बोलू. पहिला प्रयोग काकांवर. मी त्यांचा हात हातात घेऊन हळुवारपणे म्हटलं, "प्रेशर अगदी उत्तम आहे, काका."

काका बारीक आवाजात म्हणाले, "मॅडम, काही लपवत नाही ना? पुन्हा एकदा बघता का?" पुन्हा बघितलं तर एकशेपन्नास. तिथेच माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी नव्या अवतारावर खूश होते.

त्याच आठवड्यात आजी आत आल्या. उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं. कालवं काढताना शिंप लागली होती. साखरेने पाय बधिर झालेला, त्यामुळे त्यांना कळलंच नव्हतं. फडकं सोडलं. अंगठा काळानिळा, लाली वर चढत चाललेली. एरवी मी बिल्डिंग डोक्यावर घेतली असती. ती ओरड घशापर्यंत आलीही होती. मी ती गिळली. मान तिरकी केली, त्यांचा हात हातात घेतला.

"आजी, काळजी करू नका हं. उद्या सकाळी वाशीला मोठ्या हॉस्पिटलात जायचं. मी चिठ्ठी देते. ते सगळं छान करतील." मलमपट्टी केली, दंडाला धरून त्यांना दारापर्यंत पोचवलं, पायरी उतरेपर्यंत उभी राहिले. आजी माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, भारावल्या.

तीन दिवस बाकाचा कोपरा रिकामा होता. मी धरून चालले की आजी वाशीला ॲडमिट आहेत. चौथ्या दिवशी संध्याकाळी, ऐन मालिकेच्या वेळी, एक बाई पडदा सारून आत आली. आजींची मुलगी, उरणजवळच्या मोरा बंदरात दिलेली. आईचा निरोप मिळाल्यावर आदल्या दिवशी लाँचने आणि मग दोन बस बदलून आली होती. तिने पिशवीभर चिंबोऱ्या टेबलाखाली ठेवल्या, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "बाय, आयसला किती दिस हायेत? खरा सांग."

"कसले दिवस? हॉस्पिटलात काय सांगितलं?"

"हास्पिटलात कनाला नेऊ? ती बोलते, डाक्टरीन वरडली नाय. हात धरला माजा, दारापरत सोरायला आयली. मंग मी समाजली, आता काय उरला नाय. पाटल्या माना, लेकीला दिल्यान, टोपली शेजारनीला दिली. कालपासून नुसती जिलबी खाते."

माझ्या आरशातल्या सरावापायी त्या बाईचे तीन दिवस वाया गेले होते; आता पाय, कदाचित जीवही, धोक्यात होता. मी उठले. टीव्हीत दिव्याचा डॉक्टर कुणाच्या तरी मानेला नळी टेकवत होता. मी प्लग ओढून टीव्ही बंद केला. काका म्हणाले, "अहो मॅडम!" मी म्हटलं, "दवाखाना बंद. रिक्षा बघा एक, काका, पटकन!"

गावठाणात आजी ओट्यावर बसल्या होत्या. नवं लुगडं नेसलेल्या, पाय उशीवर, मांडीवर जिलबीचा कागद. चेहरा शांत, सगळ्यांचा निरोप घेऊन मोकळा झालेला. मी रिक्षातून उतरले आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला.

"ती जिलबी खाली ठेवा! आधी खाली ठेवा! चिठ्ठी दिली होती ना मी? ती काय चुलीत घातलीत? मरायची परवानगी कुणी दिली तुम्हाला? मी दिली? एक अंगठा सडलाय तर निघाल्या लगेच वर! आणि पायात चप्पल कुठे आहे अजून?"

गल्लीतली दारं उघडली. कुत्रंसुद्धा उठून बाजूला गेलं. आणि आजींचा चेहरा, देवाशप्पथ सांगते, उजळत गेला. माझ्याकडे बघत बघत त्यांनी जिलबीचा कागद शेजारी ठेवला.

"वरडली," त्या मुलीला म्हणाल्या. "ऐकलीस? वरडली ती." आणि आधाराशिवाय उठायला लागल्या.

रिक्षात मी एका बाजूला, मुलगी दुसऱ्या बाजूला, मध्ये आजी. ठाणे-बेलापूर रोडचे खड्डे चुकवत रिक्षा निघाली. घणसोलीच्या पुढे आजी एकदम म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याला बूच माजाच व्हता."

"कुठल्या म्हाताऱ्याला?"

"टीव्हीतल्या. त्यो बेस हाय. सारखा वरडतो. मरनाऱ्यावर कोन वरडतं, बाय? ज्याला वाचवायचा त्याच्यावरच वरडतान."

मी रिक्षाच्या बाहेर बघत बसले.

अंगठा गेला, पाय वाचला. हे आत्ताच सांगून टाकते, कारण ताणून धरणं माझ्या स्वभावात नाही. टोपलीही शेजारणीने परत दिली, जरा कुरकुर करून. पण त्या दिवशी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी हे काहीच ठरलेलं नव्हतं. आतल्या सर्जनने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की विष किती वर चढलंय ते उघडल्यावरच कळेल, गुडघ्याखालून कापावं लागेल असंही होऊ शकतं. मी स्ट्रेचरजवळ आले. आजींनी माझा हात धरला. मला काहीतरी बोलायचं होतं आणि आवाजच फुटेना. जो फुटला तो मऊ होता. सराव न करता आलेला, खरा मऊ.

"आजी..." एवढंच म्हटलं मी.

त्यांचे डोळे मोठे झाले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला धडकीच भरली. माझा हात त्यांनी घट्ट आवळला. नर्स म्हणाली, "चला, न्यायचंय आत."

मी डोळे पुसले, छाती भरून श्वास घेतला आणि त्या कॉरिडॉरमध्ये, जिथे 'शांतता राखा' अशी पाटी होती, तिथे माझ्या सांगलीच्या आवाजात ओरडले, "आणि बाहेर आलात की गोळ्या वेळेवर घ्यायच्या! एकही चुकली तर माझ्याशी गाठ आहे! ऐकू येतंय का?"

दोन वॉर्डबॉय थांबले. नर्स रागाने वळली. "कोण आहात तुम्ही? अशा काय पेशंटवर ओरडताय?"

आजींनी डोळे मिटले होते. माझ्या हातावरची पकड सैल झाली होती. मिटल्या डोळ्यांनीच त्या नर्सला म्हणाल्या, "तिला काय बोलू नको. माजी डाक्टरीन हाय ती."