शेवटच्या कडव्यातलं नाव

गायन पार्टीत कार्यक्रम असतो तीन तासांचा आणि वाट बघणं असतं नऊ तासांचं. मंडप बांधून व्हायचा असतो, माईकवाला यायचा असतो, पाहुणे जेवत असतात. एवढ्या रिकाम्या वेळात माणसं दुसरं काय करणार? किस्से साचतात. मी पंचवीस वर्षं किसनदादांच्या पार्टीत ढोलक वाजवली, त्यामुळे माझ्याकडे पोतंभर आहेत. लोक म्हणतात, "गजाननभाऊ, लिहा न! लय हासू येते." येतं खरं. मला अलीकडे कमी येतं, एवढंच.

किसनदादा यवतमाळ जिल्ह्यातले जुने गायक. गाणं स्वतः रचायचं, चाल स्वतः लावायची. आमच्यात रीत अशी की शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याने आपलं नाव घालायचं. 'किसन म्हणे' आलं की आम्ही वाद्यं थांबवायचो, कोरस गप्प व्हायचा आणि ते नाव दादा एकटे घ्यायचे. कागद नाही, नोंदणी नाही. गाणं आपलं असल्याचा दादांकडे एवढाच पुरावा होता.

*

दादांचं सगळ्यात गाजलेलं गाणं कापूसवेचणीचं. ते त्यांनी वच्छलावहिनींवर, म्हणजे स्वतःच्या बायकोवर रचलेलं. 'बोंडानं बोटं फाडली गं तुझी, कापूस गेला पांढराच.' आणि शेवटी, 'किसन म्हणे, बोटं तुझी गं, कळ माझ्या काळजाला!'

ढाणकीच्या बाजारात पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा बायाबापड्या पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. एकट्या वहिनी कोरड्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "एवढी कळ येते त उद्या वेचाले चाला न वावरात!"

दादा गेले. दुपारी परत आले. पुढच्या कार्यक्रमात बोटांना हळद लावून बसले होते, पेटीसुद्धा मलाच उघडून द्यावी लागली.

*

मग कॅसेट निघाली. नागपूरला रेकॉर्डिंग होतं. काचेपलीकडचा माणूस म्हणाला, "टेप कमी पडते. एक तर शेवटचं गाणं काढा, नाही तर सगळ्या गाण्यांची शेवटची कडवी काढा."

दादांनी पाच मिनिटंही विचार केला नाही. "कडवे काढा."

आमचे बेंजोवाले रहीमभाई एकदम उठून उभे राहिले. "दादा, उसमें आपका नाम है!"

"अरे, गाणं कोनाचं हाय हे लोकायले मालूम नाही काय?" दादा हसून म्हणाले. "एक गाणं कायले मारू?"

कॅसेट आली. कव्हरवर डोक्यावर घागर घेतलेली एक गोरी बाई होती, जिने जन्मात कापूस वेचला नसावा. खाली 'किसन आणि पार्टी' इतक्या बारीक अक्षरांत, की वहिनींनी शेजारणीचा चष्मा मागून आणला. आम्ही सगळे हसलो. तेव्हा हसण्यासारखंच वाटलं होतं.

*

पुढे बरीच वर्षं गेली आणि पवन नावाचा एक गायक आला. तरुण, देखणा. त्याने कॅसेटवरून वेचणीचं गाणं उचललं, खाली डीजेचा ठोका टाकला आणि ते अख्ख्या महाराष्ट्रात वाजायला लागलं. बसस्टँडवर, ऑटोत, वरातीत, जिकडेतिकडे तेच! शेवटचं कडवं नाही. ते कॅसेटवरच नव्हतं, तर बिचाऱ्याला मिळणार कुठून?

त्याच सुमारास यवतमाळला एका लग्नात आमची पार्टी होती. दादांनी गाणं पूर्ण म्हटलं, नावासकट. नवरदेवाचे काका मोठ्या कौतुकाने स्टेजवर आले, दादांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माईकवरच म्हणाले, "बुढाबा, आवाज अजून मस्त हाय तुमचा! पन दुसऱ्याच्या गान्यात आपलं नाव घुसवू नये. बरं दिसत नाही."

सगळा मांडव हसला. मी उठायला लागलो, तर दादांनी माझा सदरा धरून खाली बसवलं.

"चुकलं," दादा म्हणाले.

मला त्या काकांचा राग आला नाही. दादांचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

*

दादांच्या मुलीने, सुनंदाने, यावर उपाय काढला. घरातच दादांना खुर्चीवर बसवलं, मोबाईलवर गाणं रेकॉर्ड केलं, सगळी कडवी घेतली आणि इंटरनेटवर टाकलं. आम्ही सगळे चहा घेत बसलो होतो. चहा संपायच्या आत मोबाईल वाजला. सुनंदा वाचायला लागली आणि वाचता वाचता थांबली.

"काय झालं?" दादांनी विचारलं.

"बाबा, त्या साईटवाल्यानं गाणं काढून टाकलं. म्हन्ते, हे गाणं दुसऱ्या कोनाच्या मालकीचं हाय."

वहिनी कपबशा उचलत होत्या. त्या म्हणाल्या, "घरात म्हनाची तरी परवानगी हाय काय, इचार त्याले. तुह्या बापाले न्हानीत म्हनाची सवय हाय!"

*

शेवटी मीच दादांना ओढून पवनकडे नेलं. यवतमाळला त्याचा शो होता. मी रस्ताभर भांडणाची तयारी केली होती, वाक्यं पाठ करून ठेवली होती. आणि पोरगं निघालं नम्र! त्याने दादांचे पाय धरले, खुर्ची दिली, पाणी दिलं.

मी म्हटलं, "हे गाणं यांचं आहे."

"हो का?" तो खरोखर चकित झाला. "मला सगळ्यांनी सांगितलं, पारंपरिक आहे म्हणून. पण तेच ना, काका! तुमच्यासारख्या जुन्या लोकांनीच ही परंपरा टिकवली." त्याने दादांबरोबर फोटो काढला आणि शाल घातली. शिव्या देणाऱ्याशी भांडता येतं हो, पाया पडणाऱ्याशी काय भांडणार?

बाहेर आल्यावर दादा त्या शालीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गजा, मी जिता असतानाच पारंपरिक झालो रे बाप्पा!"

मी हसलो. दादा हसले नाहीत.

*

आणि हा किस्सा गेल्या वर्षीचा, उमरखेडचा. लोककलेचा कार्यक्रम होता, मैदान भरलेलं. तेव्हा आम्हाला कुणी फारसं बोलवत नव्हतं, म्हणून दादा सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. त्यांचा आवाज असा लागला, की रहीमभाईंनी दोनदा माझ्याकडे बघून मान डोलावली. पण लोक आपले गप्पा मारत होते. मग मागून कुणीतरी ओरडलं, "बुढाबा, ते पवनवालं म्हना!"

दादांनी सुरू केलं. मैदान एकदम जागं झालं, टाळ्यांचा ठेका धरला, मोबाईल वर आले. शेवटचं कडवं आलं. नेहमीसारखे आम्ही थांबलो. ढोलक बंद, बेंजो बंद, कोरस गप्प.

त्या शांततेत दादांनी डोळे मिटले आणि म्हटलं, "पवन म्हणे, बोटं तुझी गं..."

माझा हात ढोलकवर तसाच राहिला. रहीमभाई माझ्याकडे बघायला लागले. आणि मैदान? मैदान उसळलं! शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या. माणसं उभी राहिली. सूत्रसंचालक धावत आला. "मंडळी, याला म्हणतात प्रामाणिक कलावंत! ज्याचं त्याला श्रेय दिलं!" पंचवीस वर्षांत एवढ्या टाळ्या मी ऐकल्या नव्हत्या.

जीभ घसरली असेल, असं मी मनाशी म्हटलं. वय झालंय. होतं असं.

तेवढ्यात "वन्स मोअर" आला. दादांनी पेटी जवळ ओढली, मला मानेने खूण केली आणि शेवटचं कडवं पुन्हा घेतलं. या वेळी डोळे उघडे होते, आणि तेच नाव त्यांनी पहिल्यापेक्षा जास्त सुरात घेतलं.